गळ्यातला जोड

८ जुलै, सोमवार

आज वेंकूला इस्पितळातून घरी आणलं. तिथली लिफ्ट बंद होती. चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून जिना उतरवला. त्यातला एक, नातवाच्या वयाचा, मला म्हणाला, "तात्ता, बाजूला व्हा, पायात येऊ नका." बायको माझी आणि पायात मी.

ही वही मी हौसेने लिहीत नाही. इस्पितळात गिळायला शिकवणारी एक मुलगी आहे, नागलक्ष्मी. पंचवीस-सव्वीसची असेल. तिने हुकूम केला की पाट्टी, म्हणजे वेंकू, रोज काय खाते, किती खाते, कोण भरवतं, खोकते का, ताप येतो का, सगळं लिहून ठेवायचं. मी विचारलं, कोणत्या भाषेत? म्हणाली, तुम्हाला येते त्या. आमचं मराठी घर कित्येक पिढ्या या तमिळ मुलखात. तमिळ मी शाळेत शिकलो, पण आठवीला दोनदा बसलो आणि दोनदा पडलो, अजून तमिळ लिहायला घेतलं की हात थांबतो. हे बाळबोध अक्षर वडिलांनी घरी पाटीवर गिरवून घेतलं, तेवढं राहिलं. घरात दुसऱ्या कोणाला ते वाचता येत नाही. मुलगा प्राणेश होसूरला कारखान्यात असतो, तो मराठी बोलतो, वाचत नाही. सून श्रीविद्या आपल्याच लोकांतली, पापनाशमची, पण तिचीही तीच गत. तेव्हा इथे मनात येईल ते लिहायला मला कोणाची भीती नाही.

वीस दिवसांपूर्वी वेंकू भात वेळत होती. पळी हातातून पडली. मी बाहेरून ओरडलो, काय पाडलंस? उत्तर आलं नाही. जाऊन बघतो तर तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लोंबतोय. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली म्हणाले. मी डॉक्टरला विचारलं, बिघाड डोक्यात आहे तर गळ्याला काय झालं? तो फोनमध्ये बघत "सगळं तिथूनच चालतं, पेरियवर" म्हणाला आणि गेला. पेरियवर म्हणून वडीलधारेपणा द्यायचा, पण सगळं म्हणजे काय ते सांगायला त्याला वेळ नाही.

आता तिला एकच शब्द येतो. "अस्सं." भूक लागली तरी अस्सं, दुखलं तरी अस्सं.

नागलक्ष्मीचे नियम: साधं पाणी नाही. कॉफी नाही. पातळ रसम नाही. सगळ्यात डब्यातली पूड घालून खळीसारखं घट्ट करायचं. ताठ बसवायचं. हनुवटी छातीकडे. लहान चमच्याने द्यायचं. उजव्या गालात घास राहतो, तो बोटाने काढायचा. नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

पन्नास वर्षं सकाळी पाच वाजता कॉफी पिणारी बाई. तिला खळ पाजा म्हणे.

९ जुलै, मंगळवार

सकाळी साडेसात. घट्ट कांजी, एक वाटी. श्रीविद्याने दिली. खोकला नाही.

दुपारी एक. गुरगुट्या दहीभात अर्धी वाटी, घट्ट पाणी. मी दिलं. तीनदा खोकली.

संध्याकाळी सात. इडली दुधात कुस्करून. श्रीविद्याने दिली. खोकला नाही.

श्रीविद्या शाळेत शिकवते, आठला जाते, पाचला येते. दुपारचं माझ्याकडे.

त्या चमच्याचा मला मनस्वी राग आहे. तोंडातला चमचा परत वाटीत, पुन्हा तोंडात. सगळी वाटी उष्टी. आमच्या घरात कोणी भांड्याला ओठ लावला नाही. पाणी असो, कॉफी असो, मान मागे टाकायची आणि वरून ओतायचं. लहानपणी एकदा मी लोट्याला तोंड लावलं तर वडिलांनी तो लोटा विस्तवात तापवून शुद्ध केला आणि मला दोन दिवस केळीच्या पानाच्या द्रोणात पाणी दिलं. वेंकू लग्न होऊन आली तेव्हा अठराची. दुसऱ्याच दिवशी तिने कॉफीचा टंबलर ओठाला लावला. मी सगळ्यांदेखत ओरडलो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पुन्हा कधी तसं केलं नाही. बावन्न वर्षांत एकदाही नाही.

१० जुलै, बुधवार

युक्ती सापडली. पेटीतून चांदीची पालाडै काढली. होडीसारखं एवढंसं भांडं, पुढे चोच. प्राणेश बाळ होता तेव्हा याच्यानेच दूध पाजायचो. चोच ओठाला लागू न देता वरून बारीक धार सोडता येते. उष्टं नाही, माष्टं नाही.

तिच्या मानेखाली उशी घालून डोकं मागे टेकवलं. मी एकतीस वर्षं या गावाच्या पाण्याचे व्हॉल्व्ह उघडले आणि बंद केले. खांद्यावर चार फुटी किल्ली घेऊन गल्लोगल्ली फिरलो. पाण्याला काय लागतं ते मला कालच्या पोरीने सांगू नये. पाण्याला उतार लागतो. हनुवटी छातीला लावली म्हणजे पाईपला बाक आला. बाक आला की पाणी अडणार. सरळ पाईप, सरळ धार.

पूडही थोडी कमीच घातली. फार घट्ट धार पडत नाही.

दुपारी एक. पाणी, पालाडैने. मी दिलं. खोकली. डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्यांदा दिलं तर डाव्या हाताने माझा हात ढकलला. पाणी साडीवर. मला संताप आला. म्हटलं, "अगं, मी काय विष देतोय?" ती म्हणाली, "अस्सं."

१२ जुलै, शुक्रवार

रिक्षाने नागलक्ष्मीकडे. रिक्षावाल्याने एक खड्डा सोडला नाही.

तिच्या खोलीत भिंतीवर एक चित्र आहे. माणसाचं डोकं आणि मान मधोमध उभं चिरलेलं. नाक, जीभ, घसा, सगळं आतून दिसतं. मी एवढ्या वयात असं कधी बघितलं नव्हतं. आधी किळस आली, मग डोळा हलेना.

तिला विचारलं, हे दोन पाईप कसले?

"पुढचा वाऱ्याचा, तात्ता. मागचा अन्नाचा."

"आणि नाकाचा वारा?"

"तोही इथेच येतो, घशात. मग पुढच्या नळीत जातो. आणि तोंडातलं अन्न तिच्यावरून ओलांडून मागच्या नळीत जातं."

म्हणजे वारा मागून पुढे आणि पाणी पुढून मागे, आणि दोघांचा जोड एकाच जागी! मी तिथेच ओरडलो. पिण्याच्या पाण्याची लाईन आणि गटाराची लाईन मी अशी एका चेंबरमध्ये आणली असती तर इंजिनिअरने मला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. कोणी केलं हे काम? ती हसायला लागली. म्हणाली, "ज्याने केलं त्याने झाकण पण दिलंय ना. गिळताना कंठ वर जातो, झाकण पडतं, आतला पडदाही मिटतो. वाऱ्याची नळी बंद. एका सेकंदाचं काम." मग माझं बोट धरून माझ्याच कंठावर ठेवलं. "आवंढा गिळा." गिळला. गाठ बोटाखालून वर गेली आणि खाली आली. पंचाहत्तर वर्षं हा व्हॉल्व्ह माझ्या गळ्यात उघडतोय, मिटतोय आणि मला पत्ता नाही.

"पाट्टीचा कंठ उशिरा वर जातो. झाकण पडायच्या आत पाणी पोचतं. म्हणून घट्ट करायचं, ते सावकाश येतं. म्हणून हनुवटी खाली. मान मागे टाकली की पुढचं भोक सताड उघडं."

मी म्हटलं, "आम्ही जन्मभर मान मागे टाकूनच पितो. कोणी मेलं नाही."

"तुमचं झाकण वेळेवर पडतं, तात्ता."

मग म्हणाली, वही वाचा. तिला अक्षर कळेना, म्हणून मी वाचून तमिळमध्ये सांगितलं. कांजी किती, दहीभात किती. पालाडैचं सांगितलं नाही. गरज वाटली नाही. तिने वेंकूला "आ" म्हणायला लावलं, कान देऊन ऐकलं आणि कपाळाला आठी घातली. "आवाज ओला येतोय, आत पाणी राहतंय. दुपारी कोण भरवतं?"

"मीच. तुम्ही सांगितलं तसंच."

वेंकू माझ्याकडे बघत होती. "अस्सं," म्हणाली.

१४ जुलै, रविवार

आज सुट्टी म्हणून श्रीविद्या घरी. तिन्ही वेळा तिने दिलं. खोकला नाही. स्वयंपाकघरात खुर्ची नेते आणि दार लोटून घेते. आतून दोघींचा आवाज येतो. वेंकूचा "अस्सं, अस्सं" आणि हिची बडबड. एकदा वेंकू हसल्यासारखी वाटली.

माझ्याकडे आली की तोंड घट्ट मिटते. दात आवळते. मी गालावर दाबून उघडायला लागतो. बावन्न वर्षं मी कमावून आणलेलं खाल्लं आणि आता सुनेच्या हातचं गोड लागतं.

दार कशाला लोटायचं? माझ्या घरात माझ्यापासून काय झाकायचं आहे?

१५ जुलै, सोमवार

दुपारी एक. पाणी, पालाडैने. मी दिलं. पाचदा खोकली, ओठ काळेनिळे झाले, मग ठीक. आवाज गुळगुळ.

माझी खात्री झाली, सकाळी दार लोटून श्रीविद्या तिला पातळ रसम देते. लाड करते. ते गळ्यात साठतं आणि दुपारी माझ्या हातावर निघतं. प्राणेशला फोन करून सांगितलं. त्याने बायकोला फोनवर झापलं, मला इथपर्यंत ऐकू आलं. ती रडली नाही. फोन ठेवून माझ्यासमोर आली.

"मामंजी, दुपारी तुम्ही अत्तेबाईंना कशाने देता?"

"तू मला विचारणारी कोण?"

"बरं," म्हणाली आणि पीठ दळायला ठेवलं. ग्राइंडरच्या आवाजात मला पुढे बोलता आलं नाही. मुद्दामच लावलं.

१७ जुलै, बुधवार

ताप एकशे दोन. श्वासात घरघर. तमिळ आडी महिन्याचा पहिला दिवस, शेजारी वरुणराव पायसम घेऊन आला आणि म्हणतो, घशाखाली एक पळी गंगा घाल, बरं वाटेल. मी त्याला दारातूनच हाकललं. गंगा मेल्यावर घालतात.

श्रीविद्या शाळेतून आली. अँब्युलन्स.

१८ जुलै, गुरुवार

डॉक्टरने छातीचा फोटो दिव्यावर लावून दाखवला. उजव्या फुप्फुसात खाली पांढरं. "अन्नपाणी आत गेलंय. एकदा नाही, रोज थोडं थोडं. वाऱ्याच्या नळीतून उजवीकडचा फाटा जास्त सरळ उतरतो, म्हणून तिथे साठलं."

सरळ पाईप.

नाकातून नळी घातली. एवढी जाड नळी एवढ्याशा नाकातून. ती अस्संही म्हणाली नाही. डॉक्टर म्हणाला, पुन्हा असं झालं तर तोंडाने देणं कायमचं बंद, पोटाला भोक पाडून नळी बसवू. आणि यातून वाचतील का, हे चार दिवसांनी सांगेन.

मग विचारलं, "घरी कोण भरवतं?"

मी श्रीविद्याकडे बोट दाखवलं.

तेही लिहितो. बोट दाखवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि डॉक्टरला म्हणाली, "हो. मी पण भरवते."

२१ जुलै, रविवार

आज चौथा दिवस. ताप उतरतोय. अजून काही सांगत नाहीत.

बाकावर बसून वही वाचली. दुसरं काही करायला नव्हतं.

आमच्या खात्यात एक रीत होती. कुठल्या गल्लीत घाण पाणी आलं अशी तक्रार आली की धावत सुटायचं नाही. कागद घ्यायचा. कुठल्या नळाला, किती वाजता, कोणी भरलं तेव्हा. आठ दिवस नुसतं लिहायचं. मग जोड आपोआप सापडतो. मी असे कितीतरी जोड काढले. दक्षिण गल्लीतला एक तर तीन इंजिनिअरांना सापडला नव्हता, तो मी काढला.

आज मी तसंच वाचलं.

सकाळ, श्रीविद्या, खोकला नाही. दुपार, मी, खोकली. संध्याकाळ, श्रीविद्या, खोकला नाही. दुपार, मी, खोकली. दुपार, मी. दुपार, मी. रविवारी मी दिलं नाही, रविवारी खोकला नाही.

कोणाला शिव्या देऊ आता?

२२ जुलै, सोमवार

ही पानं फाडली तर कोणाला कळणार नाही. न फाडली तरी कोणाला कळणार नाही. वाचणारा मी एकटा. वडिलांनी हे अक्षर शिकवलं ते यासाठी का?

प्राणेश आलाय. बायकोशी बोलत नाही. ती डबा आणते, तो घेतो आणि तोंड फिरवतो. मी बघतो आणि भात खातो.

श्रीविद्याला सांगितलं तर काय होईल? प्राणेशला कळेल. नागलक्ष्मीला कळेल. वरुणरावच्या घरी कळेल, म्हणजे राजवाड्याच्या आसपासच्या सगळ्या आपल्या घरांना कळेल, की सीतारामरावाने सोवळ्यासाठी बायकोच्या फुप्फुसात पाणी ओतलं. या वयात आता तोंड कुठे लपवू?

वेंकू झोपलेली असताना तिच्या कंठाकडे बघतो. वर जातो. उशिरा जातो, पण जातो. ती पोर खरं सांगत होती. तिने चित्र दाखवलं, बोट धरून दाखवलं. मला कळलंही होतं. कळूनही मी तेच केलं, हे मला कोणत्याच डॉक्टरला सांगता येणार नाही.

२४ जुलै, बुधवार

सांगितलं.

दुपारी श्रीविद्या डबा घेऊन आली. प्राणेश औषधं आणायला गेला होता. मी म्हटलं, "बस. वही वाचतो. मध्ये बोलू नकोस."

सगळी वाचली. पहिल्या पानापासून. तिच्यावर जे जे लिहिलं तेही वाचलं, सुनेच्या हातचं गोड लागतं, ग्राइंडर मुद्दाम लावला, सगळं. बोट दाखवलं तिथे थांबलो. पाणी प्यायलो आणि पुन्हा वाचलं.

ती म्हणाली, "ग्राइंडर मुद्दामच लावला होता."

मी वही मिटली.

"मला पालाडै सापडली होती, मामंजी. खाटेखाली. शुक्रवारी. मी धुऊन परत ठेवली. तुम्हाला विचारलं तर तुम्ही ओरडलात आणि मी गप्प बसले. डॉक्टरसमोरही गप्प बसले. तुमच्या रागाला भिऊन मी अत्तेबाईंना दुपारी तुमच्याकडे सोडून शाळेत जात राहिले. वहीत हे पण लिहा. माझंही नाव लिहा."

लिहिलं.

"आणि एक सांगते, आता काय चिडायचं ते चिडा. अत्तेबाई कधी वरून प्यायल्याच नाहीत."

"काय?"

"तुमच्यासमोर फक्त. आम्ही दोघी स्वयंपाकघरात दार लोटून टंबलरला ओठ लावूनच कॉफी प्यायचो. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून. मग त्या टंबलर दोनदा घासायच्या. म्हणायच्या, वरून ओतलेल्या कॉफीला चव कसली, ती जिभेला न भेटताच जाते."

मला एवढा राग आला की बाकावरून उठलो. बावन्न वर्षं! भिंतीच्या पलीकडे, माझ्या नाकासमोर! प्रत्येक सकाळी पाच वाजता! मी बाहेर ओसरीवर मान मागे टाकून धार सोडतोय आणि आत या बाया फुरके मारताहेत. नर्स आली, "पेरियवर, आवाज हळू." मी म्हटलं, "तुमच्या आवाजाला काय झालंय?" तिचा काही संबंध नव्हता.

श्रीविद्या हसत होती. डोळे पुसत होती आणि हसत होती.

मग प्राणेश आला. त्यालाही सांगितलं. त्याने डबा उघडून आधी बायकोला वाढलं.

२५ जुलै, गुरुवार

नागलक्ष्मीला सांगितलं. वाटलं, म्हाताऱ्यावर दया करेल. केली नाही. उभी राहून म्हणाली, "तात्ता, पाट्टी मेली असती. तुम्ही माझ्यासमोर बसून खोटं वाचलंत. मी ओला आवाज ऐकला होता, तुमच्यावर विश्वास ठेवला म्हणून पुढे विचारलं नाही." तिचे कान लाल झाले होते. मला बरं वाटलं. कोणीतरी चिडायला हवं होतं.

मग म्हणाली, तुम्ही शिकल्याशिवाय पाट्टीला हात लावायचा नाही. उद्यापासून रोज दहा वाजता यायचं.

२७ जुलै, शनिवार

टंबलरला ओठ लावणं मला जमत नाही. हे वाचून कोणी हसेल, पण जमत नाही. कड ओठाजवळ आली की पोटातून उमळून येतं. नागलक्ष्मी म्हणते, हनुवटी खाली, एक घोट, गिळा. कालच्या घोटाला मी बेसिनकडे धावलो. रांगेत बसलेला एक लकव्याचा माणूस मला बघून अर्ध्या तोंडाने हसला. त्याला जमतं.

मी तिला म्हटलं, हा कसला अवयव, जो पंचाहत्तर वर्षांनी ऐकत नाही?

"हा गळ्यात नाही, तात्ता," म्हणाली आणि टंबलर पुन्हा भरला.

चित्र मात्र आता पाठ आहे. डोळे मिटून सांगतो. जीभ, झाकण, पुढची नळी, मागची नळी, आवाजाचे पडदे. पडदे मिटतात तेव्हाच बोलही येतो आणि तेच पडदे पाणीही अडवतात. माझे जन्मभर ओरडण्यातच झिजले.

१ ऑगस्ट, गुरुवार

नाकातली नळी काढली. नागलक्ष्मीने चमच्याने घट्ट पाणी दिलं, कंठाला बोट लावून. चार चमचे. खोकला नाही. मी दाराशी उभा होतो. आत यायला कोणी मनाई केली नव्हती.

काल पाच घोट मीही गिळले. उलटी नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

आज आडी अठरा, नदीचा सण. लोक चित्रान्नाचे डबे घेऊन नदीवर गेले. वेंकू सकाळी घरी आली. नागलक्ष्मी सुट्टी असून स्वतः आली, म्हणाली, पहिली कॉफी मी असताना द्या.

श्रीविद्याने कॉफी केली, पूड घालून. वास तोच, रूप मात्र पोस्टर चिकटवायच्या खळीचं. वेंकूच्याच टंबलरमध्ये ओतली. खुर्ची ओसरीवर आणली. स्वयंपाकघरात नेऊ नका, मी सांगितलं.

मी टंबलर धरला. कड तिच्या ओठाजवळ नेली आणि म्हटलं, "हनुवटी खाली घे." तिने माझ्याकडे बघितलं आणि मान मागे टाकली.

नागलक्ष्मी "पाट्टी, खाली, खाली" म्हणाली. श्रीविद्याने मानेला हात लावला. मान खाली आली, माझ्याकडे नजर गेली, पुन्हा वर. तोंड उघडून, डोळे मिटून, धारेची वाट बघत बसली. तीन वेळा असंच.

नागलक्ष्मीला कळेना. म्हणाली, "परवा तर छान केलं होतं."

श्रीविद्याला कळलं. मलाही. परवा मी दाराशी होतो. आज समोर आहे.

मला इतका राग आला, कोणाचा ते सांगता येत नाही. अठरा वर्षांच्या मुलीवर ओरडलेल्या त्या तेवीस वर्षांच्या माणसाचा असेल. त्याला आता कुठे शोधू?

श्रीविद्याला म्हटलं, "माझा टंबलर आण. त्यातही हीच खळ घाल."

खुर्ची वेंकूसमोर घेऊन बसलो. म्हटलं, "अगं, डोळे उघड. इकडे बघ." तिने उघडले. मी हनुवटी खाली घेतली, टंबलरला ओठ लावला आणि प्यायलो. आवाज करून प्यायलो, तिला ऐकू जावा म्हणून. पोटातून उमळलं. गिळलं. पुन्हा एक घोट. मिशीला लागलं, पुसलं नाही.

ती बघत होती. डावा गाल हलला. मग उजवाही, थोडासा.

"अस्सं?" म्हणाली. पहिल्यांदा प्रश्नासारखं.

"हो, अस्सं. बावन्न वर्षं मला फसवलंस, मला सगळं कळलंय. आता पी."

तिने हनुवटी खाली घेतली. टंबलर मी धरला होता, तिने त्यावर डावा हात ठेवला आणि ओठ कडेला लावले. एका बाजूने थोडं ओघळलं. माझं दुसऱ्या हाताचं बोट तिच्या कंठावर. थांबलो, थांबलो, मग गाठ बोटाखालून वर गेली. खाली आली.

तीन घोटांनी दमली. "आ" म्हणायला लावलं. आवाज कोरडा. श्रीविद्या उरलेली कॉफी ओतून टाकायला उठली. मी टंबलर तिच्या हातात दिला नाही.

सकाळी दहा. कॉफी, घट्ट, तीन घोट, टंबलरने. मी दिली. खोकला नाही. उरलेली त्याच टंबलरने मी प्यायलो. थंड झाली होती आणि साखर कमी होती.